शास्त्राच्या कसोटीवर स्वतःलाच पारखणाऱ्या पंडिता रमाबाई

भिलाई (छत्तीसगढ), ५ एप्रिल : दुर्ग-भिलाईचा आजचा औद्योगिक पट्टा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात मोडत होता. पोलाद कारखाना उभा राहण्यास अजून साठ वर्षे होती. भाताच्या एका पिकावर जगणाऱ्या या मुलखात पाऊस दगा देई, तेव्हा गावेच्या गावे रस्त्यावर येत. १८९६-९७ चा दुष्काळ असाच होता. जबलपूर-नर्मदा खोऱ्यापासून रायपूर-बिलासपूरपर्यंत मध्य प्रांत त्यात होरपळला. त्या दिवसांत पुण्याहून एक अडतीस वर्षांची विधवा या प्रांतात उतरली. तिला ऐकू कमी येत होते आणि हाती पुरेसा पैसा नव्हता. मदत छावण्यांतून आणि रस्त्यांच्या कडेने अन्नाविना फिरणाऱ्या मुली आणि तरुण विधवा गोळा करून ती त्यांना रेल्वेने पुण्याकडे नेऊ लागली. पंडिता रमाबाई हे नाव तोवर कलकत्त्यापासून बोस्टनपर्यंत पोचलेले होते.

रमाबाईंची आज पुण्यतिथी. स्त्रीशिक्षणाच्या आणि विधवांच्या उद्धाराच्या कार्यकर्त्या म्हणून महाराष्ट्राला त्या ठाऊक आहेत. धर्मांतरामुळे त्यांच्यावर झालेली टीका आणि त्या टीकेला दिली गेलेली उत्तरे यांचीही उजळणी अधूनमधून होते. या दोन्ही चित्रांत त्यांच्या आयुष्याचा एक धागा मागे पडतो. धर्मग्रंथ स्वतः वाचायचा, त्यात जे आढळेल त्यापुढेच मान तुकवायची आणि त्या वाचनाने आपलीच चूक दाखवली तर ती कबूल करायची, ही रमाबाईंची आयुष्यभराची रीत होती. तिची किंमत त्यांनी प्रत्येक वेळी मोजली. पहिल्यांदा जन्माचा धर्म गेला, मग नव्या धर्मातील आप्तांशी बेबनाव झाला, पुढे पुण्यातील सुधारक मित्र दुरावले. ख्रिस्ती होऊन आठ वर्षे उलटल्यावर आपण खऱ्या अर्थाने ख्रिस्ती झालोच नाही, हे मान्य करण्याची वेळ आली, तेव्हा स्वतःविषयीचा विश्वासही गेला.

या रीतीचा आरंभ ख्रिस्ती धर्मात नाही, तो त्यांच्या वडिलांच्या घरात आहे. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, संस्कृतचे गाढे विद्वान. त्यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकवले, म्हणून धर्ममार्तंडांनी त्यांना जाब विचारला. उडुपीला विद्वानांच्या सभेपुढे उभे राहून अनंतशास्त्र्यांनी शास्त्रांतीलच वचने मांडली आणि वेद सोडून इतर संस्कृत विद्या स्त्रीला शिकवण्यास बाध नाही, हे सिद्ध केले. रूढीपेक्षा ग्रंथाचे वचन मोठे, हा धडा लेकीने वडिलांकडून असा जन्मतःच घेतला. लक्ष्मीबाईंनी पहाटेच्या वेळी मुलीला संस्कृत शिकवले. भागवतासह हजारो श्लोक तिला मुखोद्गत होते.

हे कुटुंब पुराण सांगत तीर्थोतीर्थी फिरे. व्रते, उपवास, स्नाने, दानधर्म यांत होते नव्हते ते सारे द्रव्य संपले. १८७० च्या दशकातील दुष्काळाने दक्षिण भारत ग्रासला, तेव्हा डोंगऱ्यांकडे खाण्यास काही उरले नव्हते. भीक मागणे वा मजुरी करणे त्यांच्या प्रतिष्ठेला मान्य नव्हते. वृद्ध आणि अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांसह सारे कुटुंब अरण्यात जाऊन मरणाची वाट पाहू लागले. १८७४ मध्ये अनंतशास्त्री गेले. पाठोपाठ आई आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचाही अंत झाला. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी देशभर हिंडली. थंडीच्या रात्री नदीकाठच्या वाळूत खड्डे करून त्यांनी अंगावर वाळू ओढून घेतल्याची आठवण रमाबाईंनी पुढे लिहून ठेवली आहे. सरोवरात तरंगणारे पर्वत म्हणून यात्रेकरूंना दाखवले जाणारे उंचवटे प्रत्यक्षात तराफ्यांवर रचलेले मातीचे ढिगारे निघाले, हेही याच काळात भावाने पाण्यात उतरून पाहिले. श्रद्धा लगेच तुटली नाही. मात्र दुसऱ्याने सांगितलेले स्वतः तपासून पाहण्याची सवय या भटकंतीत पक्की झाली.

१८७८ मध्ये ही भावंडे कलकत्त्याला पोचली. वीस वर्षांच्या मुलीचे संस्कृतावरील प्रभुत्व पाहून तेथील विद्वानांनी तिला पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. पडद्यातील स्त्रियांना शास्त्रांत सांगितलेले स्त्रीधर्म समजावून सांगावेत, अशी विनंती त्यांना करण्यात आली. व्याख्यानांच्या तयारीसाठी रमाबाई धर्मशास्त्रे बारकाईने वाचू लागल्या आणि तेथेच पहिला तडा गेला. हे ग्रंथ अनेक बाबतींत एकमेकांशी जुळत नाहीत, परंतु स्त्री व शूद्र यांना हीन लेखण्यात त्यांचे एकमत आहे, असे त्यांना आढळले. केशवचंद्र सेन यांनी वेदाची प्रत हाती ठेवून ती वाचण्याचा आग्रह केला. स्त्रीला वेदाधिकार नाही या समजुतीत वाढलेल्या रमाबाईंनी बिचकतच वेद व उपनिषदे उघडली. जे शास्त्र लोकांना सांगायचे, तेच वाचून स्वतःचा विश्वास ढासळावा, हा प्रसंग साधा नव्हता. व्याख्यानांनी त्यांना कीर्ती मिळत होती आणि वाचलेले गिळून पुढे बोलत राहणे सहज शक्य होते.

भाऊ श्रीनिवास १८८० मध्ये ढाक्याला वारले. त्याच वर्षी १३ नोव्हेंबरला रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली, ब्राह्मणेतर वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. आसामातील सिलचरच्या घरी नवऱ्याच्या पुस्तकांत त्यांना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत सापडली. आयझॅक अॅलन या मिशनऱ्याने उत्पत्तीच्या पुस्तकातील सृष्टीची कथा त्यांना समजावून दिली. बायको ख्रिस्ती होण्याची कल्पना मेधावींना रुचली नाही. तो प्रश्न तसाच राहिला, कारण फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने त्यांचा मृत्यू झाला. मुलगी मनोरमा तेव्हा वर्षाचीही नव्हती.

पुण्याला येऊन रमाबाईंनी आर्य महिला समाज काढला, हंटर शिक्षण आयोगापुढे स्त्री शिक्षिका व स्त्री डॉक्टर हवेत अशी साक्ष दिली आणि 'स्त्रीधर्मनीति' हे पुस्तक लिहिले. पुस्तकाच्या उत्पन्नातून तिकीट काढून १८८३ मध्ये त्या इंग्लंडला निघाल्या. वैद्यक शिकायचे होते, पण कानांच्या दोषाने ते जमले नाही. वाँटेज येथील सेंट मेरी द व्हर्जिन या अँग्लिकन भगिनीसंघात त्यांची सोय झाली होती. या संघाच्या भगिनींशी त्यांची पुण्यातच ओळख झाली होती. सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी वाँटेजलाच विष घेऊन जीवन संपवले. त्या आघातानंतर थोड्याच दिवसांनी, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला.

या निर्णयामागे दोन गोष्टी होत्या, असे त्यांच्या आत्मनिवेदनावरून दिसते. त्यांच्याप्रमाणेच चित्पावन ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले नीळकंठशास्त्री अर्थात नेहेम्या गोरे यांचे लेखन त्यांच्या बुद्धीला पटले होते. दुसरी गोष्ट लंडनच्या फुलहॅम भागातील. संघाच्या भगिनी तेथे समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत. अशा स्त्रियांना कोणी मायेने सांभाळावे, हे रमाबाईंनी आपल्या शास्त्रांत वा समाजात कोठे पाहिले नव्हते. याचे कारण विचारता एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीचा अध्याय वाचून दाखवला. महाराष्ट्रात या धर्मांतराने मोठी खळबळ माजली. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये रमाबाईंची बाजू घेतली, पण असा आवाज अपवादात्मकच होता.

धर्मांतराबरोबर प्रश्न मिटतील, अशी वाँटेजच्या भगिनींची अपेक्षा असावी. रमाबाईंची धर्ममाता सिस्टर जेराल्डिन त्यांच्यावर जीव लावणारी होती आणि मनोरमेसाठी तर ती आजीबाईच होती. पुढच्या काळातील दोघींचा पत्रव्यवहार जेराल्डिनने जपून ठेवला. १९७७ मध्ये ए. बी. शाह यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य-संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. ही पत्रे वाचताना गुरू-शिष्येचे नाते वाक्यागणिक ताणले जात असल्याचे दिसते.

वाद अनेक गोष्टींवरून झडला. अथनेशियसच्या नावाने ओळखला जाणारा विश्वासांगीकार मुखाने म्हणण्यास रमाबाई तयार नव्हत्या, कारण त्यातील मांडणी त्यांना बायबलात सापडत नव्हती. त्रैक्याचा सिद्धांत, कुमारीच्या पोटी झालेला जन्म, चर्चच्या परंपरेचे स्थान, साऱ्यांवर त्या आधार मागत. मांस आणि अंडी त्या घेत नसत. भगिनींना यात जुन्या जातीचा अभिमान दिसे, तर रमाबाईंच्या मते तो आहाराचा प्रश्न होता, धर्माचा नव्हे. गळ्यातील क्रूसावरील अक्षरे लॅटिनमध्ये होती. आपल्याला वा आपल्या देशबांधवांना न कळणाऱ्या भाषेत ती का असावीत, ती संस्कृतात का नकोत, असे त्यांनी विचारले. चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्यांनी तरुण पुरुषांना शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी हरकत घेतली. कलकत्त्यापासून पुण्यापर्यंत पुरुषांच्या सभा गाजवून आलेल्या स्त्रीला हे अपमानास्पद वाटले, यात नवल नाही.

जेराल्डिनची तक्रार ऐकून घेण्यासारखी आहे. तिचा संघ इंग्लंडच्या चर्चमधील अशा प्रवाहाचा होता, जो आद्य मंडळीपासून चालत आलेली परंपरा, बिशपांचा अधिकार आणि संस्कार यांना शास्त्राच्या बरोबरीने महत्त्व देई. नवदीक्षिताने आधी आज्ञापालन शिकावे, समज मागाहून येईल, अशी तिची धारणा होती. रमाबाईंचे प्रश्न तिला विद्येचा गर्व वाटत आणि ते ती स्पष्ट लिही. रमाबाईंनी या कानउघाडणीला नम्रपणे पण ठाम नकार दिला. भारतातील पुरोहितवर्गाचे जोखड एवढ्या कष्टाने फेकून दिल्यावर दुसऱ्या पुरोहितांचे जोखड मानेवर घेणे शक्य नाही, ईश्वराच्या वचनाची आज्ञा पाळेन, माणसांनी त्याच्या नावाने दिलेली नाही, असा त्यांच्या उत्तरांचा आशय होता. चेल्टनहॅमच्या प्राचार्या डोरोथिया बील यांना हा स्वभाव अधिक चांगला उमगला. अशा बुद्धीला हुकूम देऊन चालणार नाही, तिला शोधू द्यावे लागेल, हे त्यांनी ओळखले आणि वरिष्ठांनाही कळवले.

केवळ पवित्र शास्त्र हाच श्रद्धेचा व आचरणाचा प्रमाणग्रंथ, ही भूमिका सोळाव्या शतकातील युरोपीय धर्मसुधारणेची. मार्टिन ल्यूथर १५२१ मध्ये वर्म्सच्या राजसभेत याच मुद्द्यावर अडून राहिला होता. मात्र ल्यूथरकडून ती रमाबाईंकडे आली असे म्हणता येत नाही. त्यांनी ती उडुपीच्या सभेतून आणि कलकत्त्याच्या ग्रंथवाचनातून आणली होती. या भूमिकेतील धोका जेराल्डिनला दिसत होता. एकट्या वाचकाची समजूतच शेवटी शास्त्राची जागा घेऊ शकते. जो कोणाचेच ऐकत नाही, त्याची चूक दाखवणार कोण? पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात शास्त्राचा एक उपयोग दोष दाखवणे व सुधारणूक करणे असा सांगितला आहे. बिशपांचा शब्द नाकारणाऱ्या रमाबाई शास्त्राचा हा उपयोग स्वतःवर करून घेतील काय, हा खरा प्रश्न होता. त्याचे उत्तर मिळण्यास आणखी काही वर्षे लागली.

१८८६ मध्ये रमाबाई अमेरिकेला गेल्या. निमित्त होते आनंदीबाई जोशी यांच्या फिलाडेल्फियातील वैद्यकीय पदवीदान समारंभाचे. तेथील मुक्काम पावणेतीन वर्षे लांबला. 'द हाय कास्ट हिंदू वुमन' हे त्यांचे पुस्तक १८८७ मध्ये निघाले आणि त्याच वर्षाअखेर बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन होऊन दहा वर्षांच्या मदतीचे आश्वासन मिळाले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन उघडले. पहिली विद्यार्थिनी गोदूबाई, ज्या पुढे धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या. सदन १८९० मध्ये पुण्याला हलले. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासारखे नामवंत सल्लागार मंडळावर होते. देणग्या येत होत्या आणि नाव होते. नव्या धर्मातही आपल्या बुद्धीने स्थान मिळवलेली विदुषी, अशी प्रतिमा स्थिर झाली होती.

याच सुमारास, १८९१ च्या आसपास, विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. हॅस्लम हे अँग्लिकन पाद्री. कित्येक वर्षे उपदेश केल्यावर एके दिवशी व्यासपीठावर स्वतःचेच प्रवचन करताना आपण ज्याविषयी बोलतो ते आपल्याला लाभलेलेच नाही, हे त्यांना उमगले, अशी ती हकिकत. रमाबाई हलल्या. पुस्तकात सांगितलेल्या गोष्टी शास्त्रात आहेत काय, हे पाहण्यासाठी त्या पुन्हा बायबलाकडे वळल्या आणि ते त्यांनी नव्याने लक्षपूर्वक वाचले. निष्कर्ष त्यांना अडचणीत टाकणारा होता. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, ख्रिस्त मात्र आपल्याला भेटला नाही. धर्म बुद्धीला पटला होता, सिद्धांत व कर्तव्ये यांची चिकित्सा झाली होती, पण पापाच्या भाराखालून सुटलेल्या माणसाचा आनंद आपल्या ठायी नाही, अशी कबुली त्यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मनिवेदनात दिली आहे.

या कबुलीचे वजन लक्षात घ्यावे लागते. याच बाप्तिस्म्यापायी त्यांनी देशभराची निंदा सोसली होती. ते सारे अपुरे होते, असे जाहीर करणे म्हणजे टीकाकारांच्या हाती कोलीत देणे. सनातनी म्हणणार की तिला ख्रिस्ती धर्मही कळला नव्हता. जेराल्डिनला वाटणार की आपण बोलत होतो ते खरे ठरले. विद्येचा गर्व हा आरोप काही अंशी बरोबर होता, असे रमाबाईंच्या कबुलीवरून म्हणता येते. पण जेराल्डिनने सुचवलेला उपाय, म्हणजे चर्चच्या अधिकारापुढे शरणागती, त्यांनी याही वेळी पत्करला नाही. चूक शास्त्राने दाखवली आणि सुधारणाही तेथूनच घेतली. त्यानंतर त्या कोणत्याही एका पंथाच्या चौकटीत बसल्या नाहीत. वेगवेगळ्या मंडळ्यांच्या लोकांबरोबर त्यांनी उपासना व काम केले.

पुण्याला या बदलाची झळ लवकरच बसली. शारदा सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही, मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील, असे ठरलेले होते. रमाबाईंनी वर्गात धर्म शिकवला नाही, पण स्वतःची प्रार्थना दार उघडे ठेवून केली आणि काही मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने हल्ला चढवला. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले आणि सुमारे पंचवीस मुली पालकांनी काढून नेल्या. रमाबाईंचे चरित्रकार या प्रसंगी बहुधा पुण्याच्या कर्मठपणाला दोष देतात. तो होताच. तरीही ज्या बाईवर या मुलींचे सारे जीवन अवलंबून होते, तिच्या उघड्या दाराचा प्रभाव तटस्थ कसा मानावा, हा पालकांचा प्रश्न खोटा म्हणता येत नाही. श्रद्धा लपवणे रमाबाईंना अप्रामाणिक वाटत होते आणि पालकांना दिलेला शब्दही त्यांना मोडायचा नव्हता. या दोहोंचा मेळ पुण्यात बसला नाही.

मेळ बसला तो केडगावला, आणि तोही मध्य प्रांतातील दुष्काळामुळे. पुणे-दौंड रेल्वेमार्गावरील केडगावजवळ सुमारे शंभर एकर जमीन त्यांनी घेऊन ठेवली होती. अमेरिकेची मदत दहा वर्षांनी थांबल्यावर शेती व फळबागेचे उत्पन्न हाताशी असावे, हा हेतू. दुष्काळाच्या बातम्या आल्या, तेव्हा शारदा सदनाच्या निधीतून हे नवे ओझे पेलणारे नव्हते. मात्र वीस वर्षांपूर्वी उपाशीपोटी गेलेले आईवडील व बहीण त्यांच्या डोळ्यांपुढे होती. एकट्या तरुण मुलींना अशा काळात कोणत्या माणसांच्या हाती पडावे लागते, हे त्यांनी मध्य प्रांतात पाहिले आणि लिहिलेही. पहिल्या फेरीत आणलेल्या मुलींना पुण्यात ठेवणे प्लेगच्या निर्बंधांमुळे अशक्य झाले. म्हणून केडगावच्या माळावर तात्पुरत्या झोपड्या उभ्या राहिल्या आणि काही महिन्यांतच तेथे सुमारे तीनशे जणी राहू लागल्या. त्याला नाव मिळाले मुक्ती. १९०० च्या गुजरातेतील दुष्काळानंतर ही संख्या दोन हजारांच्या जवळपास गेली.

या मुली शारदा सदनातील उच्चवर्णीय विधवांहून वेगळ्या होत्या. अनेक जातींच्या, आजारी, निरक्षर, काही जणी अत्याचाराने मोडलेल्या. शेती, विणकाम, तेलघाणा, छपाई अशी कामे त्यांना शिकवण्यात आली. अंधांसाठी शिक्षणाची सोय झाली. समाजाने टाकलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन उभे राहिले. फुलहॅमला पाहिलेले ते घर रमाबाईंनी पंधरा वर्षांनी आपल्या मातीत असे उभे केले.

१९०५ मध्ये मुक्तीत जे घडले, त्याकडे बाहेरचे लोक कुतूहलाने आणि काहीसे संशयानेही पाहत होते. वेल्समधील आणि त्यानंतर खासी टेकड्यांतील ख्रिस्ती मंडळ्यांत झालेल्या जागृतीच्या वार्ता केडगावला पोचल्या होत्या. मुलींचे गट रोज प्रार्थनेस बसू लागले. जूनअखेर प्रार्थनासभांतून मुली रडत आपापल्या चुका उघड सांगू लागल्या. कोणी चोरीचा माल परत केला, कोणी भांडण मिटवले. भावनेचा हा पूर काहींना अतिरेकी वाटला. अभ्यासकांतही त्याविषयी एकमत नाही. रमाबाईंनी मात्र तो अडवला नाही. आपल्याला १८९१ मध्ये जे एकांतात सोसावे लागले, तेच या मुली सर्वांसमक्ष सोसत आहेत, असे त्यांना वाटले असल्यास आश्चर्य नाही. शास्त्राने दोष दाखवावा आणि माणसाने तो नाकारू नये, ही त्यांची अपेक्षा आता संस्थेचीही झाली होती.

मग उरला तो स्वतः ग्रंथच. मराठी बायबल एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून छापले जात होते. सेरामपूरला विल्यम कॅरी यांच्या देखरेखीखाली पहिली भाषांतरे झाली आणि पुढे मुंबईतील मिशनरी व मराठी पंडितांनी त्यांवर पुष्कळ संस्कार केले. रमाबाईंना ही भाषा जड वाटे. मुक्तीतील खेड्यातल्या मुलीला संस्कृतप्रचुर शब्द कळत नसत, आणि जे कळत त्यांना हिंदू धर्मकल्पनांचा अर्थ आधीच चिकटलेला असे. मूळ वचन आणि वाचक यांच्या मध्ये दुसरे काही येऊ नये, या आग्रहातून त्यांनी पन्नाशीच्या उंबरठ्यावर हिब्रू व ग्रीक हस्तगत केल्या आणि सबंध बायबलाचे भाषांतर हाती घेतले. ज्या संस्कृताने त्यांना पंडिता केले, तेच आता त्या लेखणीतून वगळत होत्या. त्यांच्या साऱ्या त्यागांत हा सर्वांत अवघड असावा. साहित्याच्या दृष्टीने तो महागही पडला. शब्दाला शब्द ठेवण्याच्या काटेकोरपणाने वाक्ये अनेकदा अवघडली. ज्या बाईची व्याख्याने ऐकायला गर्दी लोटे, तिच्या या गद्यात तो ओघ नाही.

पंधरा वर्षांहून अधिक काळ हे काम चालले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात झाली. खिळे जुळवणे, मुद्रिते काढणे, पाने बांधणे ही कामे आश्रमातील स्त्रियांनीच केली. त्यांतील कित्येक जणी दुष्काळात उपाशी सापडल्या होत्या आणि अक्षरे केडगावलाच शिकल्या होत्या. एकट्या स्त्रीने केलेले जगातील पहिले संपूर्ण बायबल भाषांतर, असा रमाबाईंच्या या कार्याचा उल्लेख कोठे कोठे आढळतो. तो बरोबर नाही. अमेरिकेतील ज्युलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच प्रसिद्ध झाले होते. मात्र भारतीय भाषेत असा दुसरा मोठा प्रयत्न दाखवणे कठीण आहे.

सरकारने १९१९ मध्ये कैसर-ए-हिंद पदक दिले. त्याचे त्यांना फारसे अप्रूप होते असे दिसत नाही. मनोरमा आता आईचा उजवा हात झाली होती. शाळा, पत्रव्यवहार, देणग्या हे सारे तीच पाही. तिच्या हाती मुक्ती सोपवायची, असे ठरलेले असताना २४ जुलै १९२१ रोजी चाळिसाव्या वर्षी तिचा मृत्यू झाला. आई, वडील, बहीण, भाऊ, नवरा आणि आता मुलगी. रमाबाई पुन्हा मुद्रितांकडे वळल्या. शेवटची पाने तपासून होईपर्यंत मुदत मिळावी अशी प्रार्थना त्यांनी केली, असे मुक्तीत सांगितले जाते. तपासणी पुरी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा अंत झाला.

संपूर्ण बायबल १९२४ मध्ये केडगावहून बाहेर पडले. मराठी मंडळ्यांनी उपासनेसाठी ते उचलले नाही. तेथे बायबल सोसायटीची प्रतच चालू राहिली. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावची मुक्ती मिशन संस्था आजही चालू आहे. वाँटेजच्या संघाचे आणि रमाबाईंचे नातेही अखेरपर्यंत पुरते तुटले नाही. ज्या पत्रांत त्यांचा सर्वाधिक विरोध नोंदला गेला, ती पत्रे नीट लावून, टिपणे जोडून पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवण्याचे काम सिस्टर जेराल्डिननेच केले होते.